विज्ञानाच्या बाई डाव्या कुशीवर

रक्तगटाचा धडा मी फार चांगला शिकवायचे. हे मीच म्हणते असं नाही, शाळा तपासायला आलेले साहेबही म्हणाले होते. फळ्यावर एक आई, एक बाबा आणि एक बाळ काढायचं. बाळ नेहमी भोपळ्यासारखं यायचं. मग सांगायचं, "आईचं रक्त आरएच निगेटिव्ह, बाबांचं पॉझिटिव्ह. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. पण बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं, की आईचं शरीर त्याच्याविरुद्ध सैन्य उभं करतं. आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी हे सैन्य तयारच असतं!" इथं मी डस्टर टेबलावर आपटायचे. मागच्या बाकावरची पेंगलेली मुलं दचकून सरळ बसायची.

माझं स्वतःचं रक्त ओ निगेटिव्ह आणि नवऱ्याचं एबी पॉझिटिव्ह, हेही मला पाठ होतं. एवढं सगळं येत असून जे व्हायचं ते झालंच, आणि ते माझ्या शहाणपणामुळं झालं.

थोरली मुलगी झाली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी, लोणी भापकरला गेले होते. दवाखाना बारामतीचा. मुलीचं रक्त तपासलं, ते पॉझिटिव्ह निघालं. डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या हातात चिठ्ठी दिली. एक इंजेक्शन पुण्याहून बर्फात ठेवून आणायचं आणि तीन दिवसांच्या आत मला द्यायचं. हे लगेच पिशवी घेऊन निघाले. मी म्हटलं, "कशाला धावपळ करताय? ते इंजेक्शन पुढच्या बाळासाठी असतं. पुढच्या बाळाच्या वेळी घेऊ की."

"पण त्या तर तीन दिवसांत म्हणाल्या."

"विज्ञान मी शिकवते का तुम्ही?"

हे भवानीनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसाच्या रसात साखर किती, ते तपासायचे. म्हणजे विज्ञान त्यांनाही येत होतं, पण वाद घालणं येत नव्हतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले. खरं सांगायचं, तर मला तेच हवं होतं. पहिल्यांदाच आई झाले होते, घाबरले होते, आणि त्यांनी कुठं जाऊ नये असं वाटत होतं. पण तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून शास्त्र पुढं केलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा "मागवलंय" असं ठोकून दिलं. आणि तिसऱ्या दिवशी दुपट्यात मुलगी गुंडाळून घरी गेले.

पाच वर्षांनी पुन्हा दिवस गेले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्याच डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पुण्याला पाठवलं आणि रिपोर्ट आला तेव्हा तो दोनदा वाचला. माझं सैन्य तयार होतं. नुसतं तयार नव्हतं, कामाला लागलं होतं.

"पहिल्या वेळी इंजेक्शन घेतलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

वर्गात चाळीस मुलांपुढं अखंड बोलणारी मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत बसले. तेव्हा हे शेजारून शांतपणे म्हणाले, "पुण्यात मिळालं नाही त्या वेळी. माझीच चूक. अजून दोन दुकानं बघायला हवी होती."

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, "असं का सांगितलंत?"

"तू बोलेनास," ते म्हणाले. "मला त्याचीच भीती वाटली."

मग मुंबई. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टर होते, अगदी हळू बोलणारे. त्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाच्या पोटात साठलेलं पाणी दाखवलं. बाळाच्या अंगातलं रक्त मोडत चाललं होतं. सात महिने पुरे व्हायला अजून थोडे दिवस होते, आता बाहेर काढलं तर जगेल असं सांगता येत नव्हतं. म्हणून बाळ आतच ठेवून त्याला रक्त द्यायचं. माझ्या पोटातून लांब सुई घालायची, ती थेट नाळेतल्या शिरेत न्यायची आणि तिथून थोडं थोडं रक्त सोडायचं. एकदा देऊन भागेल असं नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा लागेल.

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "मी विज्ञान शिकवते."

"छान," डॉक्टर म्हणाले. "मग ओ निगेटिव्ह ताजं रक्त लागणार, हेही माहीत असेल."

हे माहीत नव्हतं. डोक्यात होतं, की बापाचं रक्त बाळाला चालेल. डॉक्टर म्हणाले, बापाचं रक्त तर तुमचं शरीर सगळ्यात आधी मारेल. हे ऐकून ह्यांनी माझ्याकडं जरा जपूनच पाहिलं.

रक्तपेढीत त्या गटाचं रक्त नेहमी असेलच असं नव्हतं. ओळखीतलं कुणी मिळालं तर बघा, असं डॉक्टर म्हणाले. माझा भाऊ पॉझिटिव्ह, दीर पॉझिटिव्ह. आम्ही रक्त शोधायला घरी परतलो. शाळेत निरोप गेला आणि तिसऱ्या दिवशी भवानीनगरच्या कॉलनीत आमच्या दारात तात्या उभे राहिले.

तात्या आमच्या शाळेचे शिपाई. कळसचे. त्यांच्या घरी आधी मेंढरं होती, पुढं शेती आली. पाण्याची पाळी असली की तात्या पहाटेपासून रानात, आणि मग शाळेत उशिरा. त्यांच्यावर मी लाल शाईनं लेखी शेरा मारला होता: 'शिपाई वारंवार उशिरा येतात. घंटा चार मिनिटे उशिरा होते. विज्ञानाचा तास बुडतो.' चार मिनिटं मी माझ्या घड्याळात मोजली होती. माझं घड्याळ तीन मिनिटं पुढं असायचं, ते शेऱ्यात लिहायचं राहिलं.

तात्या दारातच म्हणाले, "बाई, माजं रगत तुमच्या जातीचं हाय म्हणं."

"गटाचं," मी म्हणाले.

माणूस रक्त द्यायला आला होता आणि मी त्याचं मराठी तपासत होते. जीभ चावली, पण शब्द बाहेर पडला होता. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी खिशातून रक्तदान शिबिराचं दुमडलेलं कार्ड काढलं. "ह्ये बगा. शिबिरात दिलं व्हतं तवाचं. कवा निगायचं?"

"तात्या, मी तुमच्यावर तो शेरा लिहिला होता..."

"त्येचं काय. उशीर तर व्हतच व्हता की."

मला माफी मागायची होती. पण मला माफी मागता येत नाही, नुसतं समजावून सांगता येतं. मी पाच-सहा वाक्यं वेळेच्या महत्त्वावर बोलले आणि मग थांबले. तात्या चहा पीत मान डोलवत होते. आत चुलीशी सासूबाई होत्या. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. त्या आतून ओरडल्या, "अगं, त्येला शाळंत न्हाय बसवायचा, मुंबईला न्यायचाय!"

मुंबईला तात्यांनी रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला टेबलावर घेतलं. मुलांना मी नेहमी सांगायचे, सुई म्हणजे मुंगी चावल्यासारखं, एवढंच. ही मुंगी वीतभर लांब होती. पोटावर थंड औषध लावलं, पडद्यावर बाळ दिसलं, नाळेचा दोर दिसला. आधी बाळालाच एक इंजेक्शन देणार होते, त्यानं ते थोडा वेळ हलणार नाही. हललं तर सुई निसटेल.

घाबरले की माझं तोंड चालू होतं. मी डॉक्टरांना रक्ताभिसरण सांगायला लागले. नाळेत एक शीर आणि दोन धमन्या असतात, शिरेतून शुद्ध रक्त बाळाकडं जातं, आपल्या शरीरात नेमकं उलट, हा फरक मुलं परीक्षेत हमखास चुकवतात. डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "बाई, तुम्ही बोललात की पोट हलतं. जरा तास संपवता का?"

नर्स हसली. मी तोंड मिटलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच मी पाऊण तास एक शब्दही बोलले नाही. तात्यांचं रक्त थेंबाथेंबानं आत जात होतं. पडद्यावर नाळेत बारीक पांढरे ठिपके वाहताना दिसत होते आणि त्यांच्यापलीकडं बाळाचं हृदय फडफडत होतं. कधी हळू व्हायचं तेव्हा सगळे थांबायचे. पुन्हा चालू झालं की पुढं. मला एकही धडा आठवत नव्हता.

वॉर्डात आणल्यावर सांगितलं, की इंजेक्शनचा असर उतरला की बाळ हलेल, दोन-तीन तास लागतील. मी हात पोटावर ठेवून पडून राहिले. दोन तास झाले, अडीच झाले. हे स्टुलावर बसून होते. मी बोलत नव्हते म्हणून तेच बोलायला लागले. कारखान्यात सध्या कुठल्या जातीचा ऊस येतो, त्याला साखरेचा उतारा कसा, बॉयलर कसा बंद पडला होता, सगळं. एरवी महिन्याभरात बोलले नसतील एवढं बोलले. बॉयलर पुन्हा चालू होण्याच्या बेतात असताना पोटात डावीकडं काहीतरी सरकलं. आधी वाटलं, भ्रम. मग सणसणीत लाथ बसली.

"हललं," मी म्हणाले.

ह्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ वर काढली नाही. मी मात्र नर्सला हाक मारून वेळ लिहून घ्यायला लावली.

तिसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीनं, घाटात अगदी बैलगाडीच्या चालीनं, भवानीनगरला आलो. डॉक्टरांनी कागद दिला होता. शक्यतो डाव्या कुशीवर पडून राहायचं. वाकायचं नाही, उचलायचं नाही. पोट आवळून यायला लागलं, पाणी गेलं किंवा ताप आला तर लगेच यायचं. गर्भाची पिशवी शांत राहावी म्हणून गोळ्या होत्या, त्यांनी हात थरथरायचे आणि छाती धडधडायची. आणि जेवणानंतर बाळाच्या हालचाली मोजायच्या. दोन तासांत दहा व्हायला हव्यात.

तापाचं म्हणताच हे कारखान्यातून थर्मामीटर घेऊन आले. प्रयोगशाळेतलं. रस उकळतो तिथपर्यंत मोजणारं. माझा ताप तेवढा चढायच्या आत काहीतरी करावं लागलं असतं, म्हणून मग औषधाच्या दुकानातून साधं आणलं.

मी पडून राहणारी बाई नव्हते. एसटीनं रोज शाळा, आल्यावर वह्या, घर. आता खाट खिडकीशी लावली होती आणि मला डाव्या कुशीवरून फक्त स्वयंपाकघराचं दार दिसायचं. दिसतं तेवढ्यावर मी राज्य करायला लागले. एक वाटी आणि चमचा जवळ ठेवला. काही दिसलं की वाजवायचे. दूध उतू चाललंय. पाच वर्षांच्या मुलीनं चप्पल घालून आत पाऊल टाकलंय. भांडी पालथी घातली नाहीत. पहिल्या दिवशी आत्या प्रत्येक वेळी धावत आल्या. दुसऱ्या दिवशी चालत आल्या. तिसऱ्या दिवशी आल्या, चमचा उचलला आणि कनवटीला खोचला.

"आत्या, पण दूध..."

"दूध माज्याकडं बगतंय, आन मी दुधाकडं. तू पोटाकडं बग."

पोटाकडं बघायचं म्हणून मी शाळेतलं एक कोरं हजेरीपत्रक मागवलं. त्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने आखले आणि प्रत्येक लाथेला एक रेघ. मुलगी शेजारी बसून रेघा ओढायची. दहा झाल्या की 'हजर' लिहायची. लिहिता येणारा तिचा तो पहिलाच शब्द. आत्या बघून म्हणाल्या, "जल्माच्या आदीच लेकराला शाळंत घातलंस व्हय?"

शिवाय माझा एक शोध चालू होता. बाळाला रक्त हवंय, तर मी बीट खाल्लं पाहिजे. सकाळी बिटाचा रस, दुपारी बिटाची कोशिंबीर, संध्याकाळी उकडलेलं बीट. तेवढं खाऊन भाकरीला जागाच राहायची नाही. आत्या म्हणायच्या, "दोन घास भाकरी खा." मी त्यांना जीवनसत्त्वं सांगायचे.

दहा-बारा दिवसांनी एक दुपार अशी आली, की रकाना कोराच राहिला. तासाभरात एकच रेघ, तीही मुलीनं मला बरं वाटावं म्हणून ओढलेली. दुसरा तास गेला. मी पोट चोळलं, हाका मारल्या, पाणी प्यायले. काही नाही. ह्यांना कारखान्यातून बोलावलं आणि शेजाऱ्यांची जीप काढली. मी मागच्या सीटवर आत्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी पडले.

हंगामाचे दिवस. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, मागं बैलगाड्यांची रांग. एक ट्रॉली कलंडली होती आणि अर्धा रस्ता उसानं भरला होता. जीप थांबली. हे उतरून ऊस बाजूला ओढणाऱ्या माणसांना हातभार लावायला गेले. मी रडायला लागले. मला रडताना आत्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "आत्या, सगळं माझ्यामुळं झालं. इंजेक्शन मीच आणू दिलं नव्हतं. हे तुमच्याशीही खोटं बोलले."

आत्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय. त्यो माजा ल्योक हाय. खोटं बोलला की कान लाल व्हत्यात त्येचं." आणि पदरात बांधलेला गूळ काढून मोठा खडा माझ्या तोंडात कोंबला. "सकाळपास्नं बिटाबिगर काय खाल्लंस? खा आदी. मग रड."

मी गूळ चघळत रडत होते. जीप निघाली, एका खड्ड्यात जोरात आदळली, आणि बारामती यायच्या आधीच पोटात एक लाथ बसली. मग दुसरी. मग जणू मधल्या वेळातली सगळी बाकी भरून काढायची असल्यासारख्या लाथाच लाथा.

डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकले, सगळं बरोबर होतं. "जेवलात काय?" त्यांनी विचारलं. मी बीट सांगितलं. त्या म्हणाल्या, "बीट खाऊन बाळाचं रक्त वाढत नाही. बाळाचं रक्त मोडतंय तुमच्यातल्या अँटीबॉडीमुळं. तुम्ही उपाशी राहिलात की ते फक्त मलूल होतं. भाकरी खा, भाजी खा, डाळ खा." आत्यांनी "बगा" असं म्हटलं नाही. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्यांदा रक्त द्यायची वेळ आली. तात्यांना एवढ्यात पुन्हा देता येणार नव्हतं. तात्या म्हणाले, "माजी धाकटी भन हाय की. शिबिरात तिचंबी ह्येच निगालं व्हतं." बहीण कळसलाच दिलेली, चार लेकरांची आई, उंच, काटक. तात्याही सोबत निघाले. गाडीत ती पुढं बसली आणि मला म्हणाली, "बाई, तुमी घाबरू नगा. माजं रगत लई जोराचं हाय. मेंढरामागं चालून चालून झालंय."

मुंबईत तिचं हिमोग्लोबिन तपासलं. सुईला घाबरली ती नाही, तिच्यासाठी मीच. आकडा ऐकून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. माझ्या बिटाच्या आकड्यापेक्षा तो बराच वर होता. भाकरी, ठेचा आणि चालणं, एवढंच तिचं पथ्य.

ह्या वेळी टेबलावर मी गप्प राहिले. डॉक्टर म्हणाले, "आज तास नाही?" मी म्हटलं, "आज सुट्टी." पोटातलं पाणी आटलं होतं, बाळ वाढलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी हे तात्यांना आणि त्यांच्या बहिणीला चौपाटीवर घेऊन गेले. तिनं समुद्र कधीच पाहिला नव्हता. मी मात्र वॉर्डात डाव्या कुशीवर, भिंतीच्या पोपड्याकडं बघत. परत आली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ ओला होता.

"कसा आहे समुद्र?" मी विचारलं.

"खारट," ती म्हणाली. "चाखून बगितला. एवडं पानी आन एकबी शेत न्हाय भिजत."

समुद्राचं पाणी शेतीला का चालत नाही, हे मला लगेच सांगायचं होतं. क्षारांचं प्रमाण, जमीन, मुळं, सगळं ओठापर्यंत आलं. मी ते गिळलं. तिला ते माझ्यापेक्षा बरं माहीत होतं.

पुढचे दोन-तीन आठवडे भवानीनगरच्या खाटेवर काढले. चमचा परत मिळाला नाही. मी भाकरी खाल्ली. हात थरथरायचे म्हणून मुलीला पुस्तक धरून गोष्ट वाचून दाखवता येईना, तर ती म्हणाली, तू तोंडी सांग. माझ्या सगळ्या गोष्टींत शेवटी काहीतरी शिकवण असायची. तिनं अट घातली, शिकवण नको. मग मला गोष्टच सुचेना. दोन दिवसांनी कशीबशी एक सुचली. त्यात एक बेडूक होता आणि तो काहीच शिकला नाही. ती मुलीला फार आवडली.

आठ महिने सरले तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी आता थांबायचं नाही असं ठरवलं. आत्यांना आठव्या महिन्यातलं बाळंतपण म्हणजे धसका. आठव्यातलं लेकरू वाचत नाही, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. त्यांना काही समजावून सांगायच्या मनःस्थितीत मी पहिल्यांदाच नव्हते, कारण मलाही तेच वाटत होतं. पोट कापून बाळ काढलं. मुलगा. बारीक, पिवळसर, आणि रडला मात्र असा, की वर्गातही मी एवढ्या मोठ्यानं बोलले नसेन. लगेच त्याला निळ्या दिव्यांखाली नेलं. एकदा सगळं रक्तही बदललं.

दुसऱ्या दिवशी नर्स कागद घेऊन आली. मी मागून घेतला. बाळाचा रक्तगट: ओ निगेटिव्ह.

मी उठून बसले. टाके ताणले, तरी बसले. "हे माझं मूल नाही!" मी ओरडले. "मूल बदललंय! बापाचा गट एबी आहे. एबी बापाला ओ मूल होणं शक्यच नाही! हा दहावीचा धडा आहे!"

वॉर्डातल्या सगळ्या बायका आपापल्या बाळांच्या पायातल्या नावाच्या पट्ट्या तपासायला लागल्या. एकीनं तर आपल्याच बाळाला ओळख विचारली. हे धावत आले. आत्या धावत आल्या. नर्स कागद घेऊन डॉक्टरांना आणायला पळाली. मी ह्यांना आनुवंशिकतेचा तक्ता सांगत होते. हवेत बोटानं चौकोन काढत होते. हे म्हणत होते, "अगं, पण नाक तर आपल्या थोरलीचंच आहे." मी म्हटलं, "नाकाचा पुरावा चालत नाही!"

डॉक्टर आले. माझं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बाई, गेला दीड महिना त्याच्या अंगात कुणाचं रक्त आहे?"

मी हवेतलं बोट खाली घेतलं.

"दोनदा पोटात दिलं, काल बदललं तेही त्याच गटाचं. त्याचं स्वतःचं रक्त अजून नावालाच आहे. काही महिन्यांनी पुन्हा तपासा, मग त्याचा खरा गट येईल."

मी आडवी झाले आणि चादर डोक्यावर घेतली. चादरीतून आत्यांचा आवाज आला. त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, "मास्तरीण हाय. तिला सगळं ठावं असतंय."

बारा दिवसांनी बाळ घरी आणलं. कळसहून तात्या आणि त्यांची बहीण बघायला आले. बहिणीनं त्याला मांडीवर घेतलं, उलटंपालटं केलं, कानाच्या पाळ्या पाहिल्या आणि म्हणाली, "रंग उतरलाय आता. चांगलं हाय." तात्या लांबूनच बघत होते. मी त्यांना म्हणाले, "घ्या की तात्या." ते म्हणाले, "हात खरबरीत हायत." मग घेतलंच. मी नुसतं बाळाचं दुपटं सारखं केलं. बोलायला गेले असते तर पुन्हा काहीतरी समजावून सांगितलं असतं.

पण काम संपलं नव्हतं. माझी अँटीबॉडी बाळाच्या अंगात अजून काही आठवडे राहणार होती, म्हणून दर आठवड्याला बारामतीला टाच टोचून रक्त बघायचं. एकदा आकडा खूप खाली गेला आणि पुन्हा थोडं रक्त द्यावं लागलं. त्या दिवशी बाळ रडलं, मी रडले, आणि हे दवाखान्याच्या फाटकाशी उभं राहून वडापाव खात होते, कारण त्यांना रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही. मग आकडा थांबला. मग चढायला लागला. आधी अर्ध्यानं, मग एकानं.

जून उजाडला. शाळा सुरू व्हायला चार दिवस होते. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, बाळाच्या पोटावर हात फिरवला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मी पर्समधून पेन काढून बसले होते.

"पुढची तारीख?" मी विचारलं.

"पुढची तारीख नाही."

"म्हणजे पुढच्या आठवड्यात?"

"म्हणजे यायचं नाही. लसीला या. बाकी काही नाही."

"मग पंधरा दिवसांनी?"

त्या हसल्या. पेन त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं आणि टोपण लावून परत दिलं. मला उठायचं सुचेना. पुढची पेशंट आत आली, तिनं माझ्या शेजारची खुर्ची घेतली आणि स्वतःचं दुखणं सांगायला सुरुवात केली. मीही ऐकत बसले, मधूनमधून मानही डोलावली. शेवटी ह्यांनी आत येऊन बाळ उचललं, माझ्या खांद्याला धरलं आणि म्हणाले, "चल. गाडी सावलीत लावलीय, आता ऊन तिकडं येईल."